ओळख नसलेल्या घरचा डबा खावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक गेल्या पंचवीस वर्षांत चहूबाजूंनी पसरलं. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव या भागांत जिथे मळे होते तिथे आता सात-सात मजली इमारती आहेत. एका मजल्यावर कळवणचं कुटुंब, समोर धुळ्याचं, वरती अंबडच्या कारखान्यात नोकरीला आलेलं उत्तर प्रदेशातलं. बेल वाजते, झाकलेली वाटी घेऊन कोणीतरी दारात उभं असतं, आणि आपल्याला त्यांचं नावही धड ठाऊक नसतं. मी बरीच वर्षं गृहविज्ञान शिकवलं. त्यामुळे भिशीतल्या बायका, इमारतीतली मंडळी आणि जुन्या विद्यार्थिनी मला फिरून फिरून हेच विचारतात. त्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे लिहून काढली आहेत.

नवीन शेजाऱ्यांनी घरी केलेलं काहीतरी आणून दिलं. खावं का?

बहुतेक वेळा हो, आणि आवडीनं खावं. ज्या कढईतून आपली वाटी भरली त्याच कढईतून त्यांची लेकरंही जेवलेली असतात.

मात्र "माणसं चांगली दिसतात" हे खाण्याचं कारण नव्हे आणि "आपण त्यांना ओळखत नाही" हे न खाण्याचं कारण नव्हे. अन्न बिघडतं ते ओलावा, ऊब आणि वेळ यांमुळे. शिजवलेला ओला पदार्थ ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिला की त्यातले जंतू भराभर वाढतात. म्हणून असा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवेचा पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा रोजच त्याच्या वर असतो. हा हिशेब माझ्या सख्ख्या बहिणीनं आणलेल्या भाजीलाही तितकाच लागू आहे.

त्यामुळे चिवडा, चकली, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, गूळपोळी कोणाच्याही घरची असो, निर्धास्त खा. त्यात जंतूंना वाढायला पाणीच नसतं. वाफाळती भाजी किंवा आत्ताच तव्यावरून उतरलेली पोळी आली तर लगेच खा. दहीबुत्ती, ओल्या नारळाची चटणी, खव्याचं पक्वान्न, क्रीमचा केक, कालच्या रात्रीचा मसालेभात असेल, तर मात्र कधी केलं आणि कुठे ठेवलं होतं हे विचारल्याशिवाय तोंडात घालू नका.

पण त्यांचं स्वयंपाकघर कसं असेल, कोणाला ठाऊक?

खरं आहे, ठाऊक नसतं. पण ठाऊक असलेल्या स्वयंपाकघरावर आपण किती आंधळा विश्वास टाकतो ते मी एका कोजागिरीला पाहिलं, आणि ते सविस्तर सांगायलाच हवं.

आमच्या इमारतीत दहा लिटर दूध आटवायला घेतलं होतं. संध्याकाळी सात वाजता उकळलं, केशर, वेलची, चारोळी पडली, गॅस बंद झाला. मग गाणी, भोंडल्याचे खेळ, मुलांची अंताक्षरी. पातेलं गच्चीवर उघडंच, चंद्राखाली. येता-जाता कोणीही डाव घालून ढवळत होतं. बारा वाजता ग्लास भरले. दुसऱ्या मजल्यावर पंधरा दिवसांपूर्वी भाड्याने आलेली एक बाई दहीवड्यांचा मोठा स्टीलचा डबा घेऊन आली होती. कोणी तिला फारसं ओळखत नव्हतं. वडे मऊसूत होते, डबा रिकामा झाला.

पहाटे तीनपासून उलट्या सुरू झाल्या. सकाळपर्यंत अकरा जण आजारी. आणि नऊ वाजायच्या आत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "ते दहीवडे आंबले असणार." कोणी तिला सरळ म्हणालं नाही, पण जिन्यात तिला बघून बायका गप्प होऊ लागल्या. तिला ते कळलं.

मला ते पटेना. दोन दिवसांनी वही घेऊन मी दारोदार गेले आणि कोणी काय खाल्लं ते लिहून घेतलं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना मधुमेह आहे, त्यांनी दूध घेतलंच नव्हतं, वडे मात्र दोन खाल्ले होते. ते ठणठणीत. तळमजल्यावरच्या दोन मुलांनी वड्यांना हात लावला नव्हता आणि दूध दोनदा मागून घेतलं होतं. त्यांनाच सगळ्यात जास्त त्रास. अकराच्या अकरा जणांनी दूध प्यायलं होतं. पाच तास कोमट राहिलेलं, दहा हातांनी ढवळलेलं, आमचं स्वतःचं दूध. ढवळणाऱ्या हातांत माझाही हात होता.

हाताच्या त्वचेवर आणि नाकात राहणारे स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू अशा कोमट दुधात वाढतात आणि विष सोडतात. ते खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या होतात. बारा ते तीन, हिशेब बरोबर बसत होता. हे विष नंतर उकळूनही जात नाही. त्या वर्षानंतर आमच्याकडे दूध मंद आचेवर गरमच ठेवतात, ग्लास भरेपर्यंत, आणि चंद्राला वेगळी छोटी वाटी दाखवतात.

वास आला नाही, चवही बरी होती. म्हणजे अन्न चांगलंच ना?

नाही. आंबूस वास सोडणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बहुतेक जंतू वेगळे. वास आला तर टाकूनच द्यावं, पण वास नाही म्हणजे निर्धोक असं समजू नये. आमच्या त्या दुधाला वेलचीचा सुंदर वास येत होता.

कोणत्या पदार्थांबाबत ओळख असो-नसो, जपावंच?

भात पहिला. लोकांना आश्चर्य वाटतं, पण भातातले बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते जागे होतात, आणि त्यांचं एक विष असं आहे की फोडणी देऊन परतलं तरी टिकतं. रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करायचा असेल तर रात्रीच तो पसरून गार करून फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

मोठ्या पातेल्यातला मटणाचा किंवा चिकनचा रस्सा, उसळ, वरण. बाहेरून पातेलं गार लागतं, पण मधला भाग तासन् तास कोमट असतो. लग्नाच्या वा बारशाच्या घरून दुसऱ्या दिवशी डबा भरून येतो तेव्हा एवढं विचारा, की रात्री तो लहान भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवला होता का. ठेवला असेल तर खदखदून उकळून घ्या आणि जेवा.

खवा, बासुंदी, रबडी, श्रीखंड. अंड्याचं मेयोनीज. कापून ठेवलेलं कलिंगड. कच्ची मोडाची कडधान्यं. आणि दुधी भोपळा कडू लागला तर, मग तो रस असो वा भाजी, पहिल्याच घोटाला थुंकून टाका. "औषधी आहे, कडू असतंच" म्हणून पिऊ नका. त्यातल्या कडू द्रव्यानं लोकांचा जीव गेलेला आहे.

एकादशीला ओळखीच्या मंडळातून भगर आली. त्यात काय धोका असणार?

भगरीबद्दल मी जरा जास्त कडक आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सप्ताहातला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली होती. महाशिवरात्र, आषाढी, नवरात्र आलं की कुठून ना कुठून अशी बातमी येतेच. भगर ओलसर जागी साठवली किंवा तिचं पीठ फार दिवस पडून राहिलं की त्यावर बुरशी धरते. त्या बुरशीचं विष शिजवून जात नाही. उलट्या, चक्कर, हातापायांना कंप असा त्रास होतो.

म्हणून अन्न व औषध प्रशासन दर वर्षी सणांच्या तोंडावर सांगतं: सुटी भगर आणि सुटं पीठ घेऊ नका, पाकीटबंद आणि तारीख असलेली भगर घ्या, निवडून स्वच्छ धुऊन वापरा, पीठ लागेल तेवढंच ताजं दळा. दुसऱ्याच्या घरची भगर असेल तर मी एवढंच विचारते: पीठ होतं की दाणे, आणि ती कधीची. भाकरी किंवा थालीपीठ बाजारातल्या सुट्या पिठाचं असेल तर मी घेत नाही, मग ते कितीही जवळच्या माणसानं केलेलं असो.

असं सगळं विचारलं तर समोरच्याला वाईट नाही का वाटणार?

चौकशी केल्यासारखं विचारलं तर वाटेल. कृती विचारा. बाईला तिच्या पदार्थाची कृती विचारली की ती स्वतःहून सगळं सांगते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या समोरच्या ताईंनी पुरणाचे मांडे दिले. तेव्हा त्यांची-माझी ओळख लिफ्टपुरतीच होती. मी म्हटलं, "अगं बाई, हे खापरावरचे का? कसे केलेत?" त्या दारातच टेकल्या. सासूबाईंनी गावाहून खापर आणलंय, गच्चीवर चूल मांडली, डाळ सकाळी सहाला शिजायला टाकली, पुरण गरम गरम वाटलं, दहाला मांडे टाकायला घेतले, सासूबाई हातावर मांडा फिरवून मोठा करतात आणि खापरावर पसरतात, माझ्याच्यानं अजून तसं जमत नाही, एक फाटलाच, तो मी खाल्ला. त्या बोलत होत्या आणि डब्याच्या झाकणाला आतून वाफेचे थेंब लटकलेले होते. साडेअकरा वाजले होते. वेळ, पाणी, उष्णता, मला जे जे हवं होतं ते सगळं त्या न विचारता सांगून गेल्या. वर त्यांच्या सासूबाईंची ओळख झाली ती वेगळीच.

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मात्र आडवळणानं विचारू नका. मराठी घरात दाण्याचा कूट कुठे नसतो ते सांगणं अवघड आहे. भाजीत, कोशिंबिरीत, साबुदाण्यात, आमटीत. देणारी बाई "यात दाणे नाहीत" म्हणेल, कारण तिच्या दृष्टीनं कूट म्हणजे दाणे नव्हेतच. "कूट घातलाय का? तळणीला तेल कोणतं, शेंगदाण्याचं का?" असं स्पष्ट विचारा. संक्रांतीत तिळाचंही तसंच.

नाही म्हणायचं असेल तर कसं म्हणावं?

दोन्ही हातांनी घ्यावं, आभार मानावेत, "आत्ताच जेवण झालंय, नंतर खाते" म्हणावं. हे खोटं असू नये. तब्येतीचं कारण असेल तर ते सरळ सांगावं, लोक ते समजून घेतात. दारातल्या दारात "आम्ही बाहेरचं खात नाही" म्हणून वाटी परत करणं मात्र फार लागतं. ज्या हातांनी ती आणली ते हात पुन्हा बेल वाजवत नाहीत.

आणि एक गोष्ट पोटतिडकीनं सांगते. जे अन्न बिघडलंय असं तुम्हाला वाटतं ते कामाला येणाऱ्या मावशींना किंवा वॉचमनच्या मुलाला देऊ नका. तुमच्या पोटाला जे चालणार नाही ते त्यांच्या पोटालाही चालणार नाही, आणि आजारी पडल्यावर त्यांचा दिवसाचा रोज बुडतो. टाकून द्यावं लागलं तर जिवाला लागतं, लागू दे.

घरातले मोठे म्हणतात, "त्यांच्या हातचं आपण खात नाही." काय करावं?

इथे आपण स्वच्छतेबद्दल बोलत नाही आहोत, हे आधी स्वतःशी कबूल करावं. आडनाव ऐकून घास थांबत असेल तर त्याला जंतूंचं कारण देऊ नये.

याच नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. देवळाचे दरवाजे बंद केले गेले, तो लढा काही वर्षं चालला. त्याआधी तीन वर्षं, १९२७ साली, महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायलासुद्धा सत्याग्रह करावा लागला होता. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पाणी आणि घास नाकारण्यानं माणसाचं काय होतं हे आपल्या जिल्ह्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही.

मोठ्यांशी भांडून उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. मी त्यांच्यासमोर बसून खाते. दोन-तीनदा तसं झालं की एखाद्या दिवशी त्या विचारतात, "कसं झालंय गं?"

शाकाहार, जैन आहार, हलाल हे वेगळे प्रश्न आहेत. ते पदार्थात काय आहे याबद्दलचे आहेत आणि ते मोकळेपणानं विचारता येतात. ईदला शिरखुर्मा देणारे शेजारी बहुतेकदा आपणहून सांगतात, "भाभी, हे दुधाचं आहे, बाकी काही नाही."

वणीच्या वाटेवर पदयात्रेत लोक खायला देतात. घ्यावं का?

मी स्वतः चैत्रात सप्तशृंग गडाकडे चालत गेले आहे आणि वाटेत लोकांनी दिलेलं खाऊनच पोचले आहे. दिंडोरी रस्त्याला माणसं टेबल मांडून हात जोडून उभी असतात. त्या चहाची आणि त्या "माउली, बसा जरा" ची बरोबरी कशाशी होत नाही.

चैत्राच्या उन्हात निवड मात्र करावी. उकळता चहा, समोर कढईतून निघणारी भजी, साल न काढलेलं केळं, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू घ्यावेत. सरबतात बर्फ असेल तर नको. कारखान्यातला बर्फ बऱ्याचदा मासळी आणि माल गार ठेवण्यासाठी बनवलेला असतो. महाराष्ट्रात २०१८ पासून असा न खाण्याचा बर्फ निळसर रंगवायचा नियम आहे, पण सरबतात विरघळलेल्या बर्फाचा रंग कोण बघणार? ताक घरून आणलं असेल आणि माठात असेल तर पाणी कुठलं ते विचारा. साबुदाण्याची खिचडी सकाळी आठला घेतली तर ठीक, दुपारी दोनला तीच पातेल्यातली असेल तर पुढे चला.

२०२७ च्या सिंहस्थात पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरला अन्नछत्रं लागतील तेव्हाही हेच धोरण ठेवा: पंगत सुरू होताना बसा, शेवटच्या पंगतीला नको. आणि जेवायच्या आधी हात साबणानं धुवा. सॅनिटायझरनं चिकट, मातकट हात साफ होत नाहीत.

रेल्वेत सहप्रवाशानं डबा पुढे केला तर?

पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांचं जग वेगळं आहे. रोज तीच माणसं, तीच जागा, वर्षानुवर्षं एकमेकांचे डबे. ते अनोळखी नव्हेतच.

पण लांबच्या गाडीत, रात्रीच्या प्रवासात, पहिल्यांदाच भेटलेल्या माणसानं चहा, बिस्किट, पेढा दिला तर हात जोडून नको म्हणा. गुंगीचं औषध घालून लुटण्याचे प्रकार झालेले आहेत आणि रेल्वे त्याबद्दल सतत सूचना देते. इमारतीतली बाई उद्याही त्याच जिन्यात भेटणार असते. गाडीतला माणूस पुढच्या स्टेशनावर उतरून जातो. फरक तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

मुलगा गंगापूर रोडला शिकायला आहे. एका काकूंकडे घरगुती डबा लावायचाय. काय बघू?

पैसे घेऊन अन्न देणाऱ्या घराला, कितीही छोटं काम असलं तरी, अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. हा कायदा २००६ चा. नोंदणीचा क्रमांक चौदा अंकी असतो. छोट्या नोंदणीचा पहिला अंक २, मोठ्या परवान्याचा १. क्रमांक दाखवा म्हटलं तर चांगल्या बाईला राग येत नाही. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवर तो तपासताही येतो. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर देतानाही हेच.

क्रमांकापेक्षा मला एक भेट जास्त सांगून जाते. सकाळी दहाला, डबे भरायच्या वेळी जा. कणीक मळणारा हात आणि पैसे मोजणारा हात एकच आहे का? पुसायचं फडकं किती कळकट आहे? कच्चं चिकन आणि कोशिंबीर एकाच विळीवर, एकाच पाटावर कापतात का? बोटाला जखम असलेलं कोणी उघड्या हातानं वाढतंय का? डबा दहाला भरून मुलगा दोनला खाणार असेल, तर भात वेगळा आणि सुका, दही अजिबात नाही, असं ठरवून घ्या. सातपूर-अंबडला दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांचे डबे तर याहून जास्त वेळ बंद राहतात, त्यांनी पोळी आणि कोरडी भाजीच न्यावी.

लोणची, पापड, कुरडया?

खुशाल घ्या. वाळवण कडक वाळलेलं असलं म्हणजे झालं. लोणच्याला मीठ, आंबटपणा आणि वर तरंगणारं तेल राखतं. बरणीतून फेस येत असेल किंवा वर बुरशीचा पांढरा थर दिसत असेल तर वरचं काढून खालचं खाऊ नका, सगळंच टाका. नुसत्या तेलात मुरवलेला, आंबट नसलेला ओला लसूण मात्र बाहेर ठेवलेला असेल तर घेऊ नका. तेलाखाली हवा नसते, आणि बोट्युलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या लकव्याचे, जंतू नेमके तिथेच वाढतात.

पेठ-सुरगाण्याकडच्या ओळखीतून रानभाजी शिजवून आली...

ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ती भाजी खुडली त्यांच्या हातची असेल तर आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतं. शेवळं ही रानभाजी काकड या आंबट रानफळाबरोबर शिजवली नाही तर घसा खाजतो, हे त्यांच्या घरातल्या लहान मुलीलाही माहीत असतं. माझी काळजी आहे ती शहरातल्या हौशी लोकांची, जे पावसाळ्यात फिरायला जाऊन भाजी खुडून आणतात आणि शेजाऱ्यांना वाटतात.

अळिंबीच्या बाबतीत तर ठाम नकार. विषारी अळिंबी शिजवून निर्विष होत नाही, चवीला चांगली लागू शकते, आणि काहींचा त्रास सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. तोवर यकृताला इजा व्हायला लागलेली असते.

घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ आहे.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू देऊ नका. आत्याबाई, आजी, शेजारीण कोणीही बोटावर घेऊन पुढे आली तरी नाही. मधातल्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, मध घरचा असो की जंगलातला.

गरोदर बाईनं न उकळलेलं दूध, त्याचं पनीर, बाहेरचं पाणी आणि बर्फ टाळावा. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. डोहाळजेवणाला पाच घरांतून पाच पदार्थ येतात. ओटी भरून घ्यावी, कौतुक करावं, आणि तिच्या ताटात समोर शिजलेलं गरमच वाढावं.

खाल्लं, आणि आता पोट बिघडलं. पुढे?

पहिल्यांदा पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. किंवा मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीट, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. घोट घोट देत राहा. जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका, मुलांना तर नाहीच.

शौचात रक्त, जोराचा ताप, पाणीही पोटात न ठरणं, सहा-आठ तास लघवी न होणं, मूल मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना. दोन-दोन दिसणं, गिळायला किंवा बोलायला त्रास होणं असेल तर १०८ ला फोन करा, वाट पाहू नका. उरलेलं अन्न टाकू नका, बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, डॉक्टरांना आणि अन्न व औषध प्रशासनाला तपासायला लागतं.

आणि ज्यांनी पदार्थ दिला त्यांना कळवा. आरोप म्हणून नाही. त्यांच्या घरीही कोणी आजारी असू शकतं. कारण कळल्याशिवाय मात्र कोणाचं नाव घेऊ नका, गेल्या चोवीस तासांत आपण स्वतः घरी काय खाल्लं ते आधी कागदावर लिहा.

रिकामा डबा परत कसा करायचा?

रिकामा करायचा नाही, एवढं सगळ्यांनाच माहीत आहे. घाईत असाल तर चिमूटभर साखर चालते. पण ओळख कमी असेल तेव्हा टिकणारं काहीतरी घालावं, म्हणजे त्यांनाही हेच सगळे प्रश्न पडायला नकोत. गुळाचा खडा आणि शेंगदाणे, मनुका, फेब्रुवारी-मार्च असेल तर द्राक्षांचा घड. आणि डबा स्वच्छ घासून, कोरडा पुसून द्यावा.

त्या कोजागिरीच्या दहीवड्यांचा डबा गच्चीवरच राहिला होता. तो मी घरी आणून ठेवला, आणि वहीतला हिशेब पूर्ण होईपर्यंत तो माझ्या ओट्यावर होता. चौथ्या दिवशी मी त्यात चिवडा भरला, दुसऱ्या मजल्यावर गेले आणि कोण आजारी पडलं, कोण नाही, सगळं तिला सांगितलं. तिनं डबा हातात धरला, पण झाकण उघडलं नाही. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, मी त्या रात्रीपासून कोणाला काही दिलंच नाही." मी तिला म्हटलं की मला वड्यांची कृती हवी आहे. तिनं खुर्ची पुढे केली आणि उडीद डाळ किती तास भिजवायची इथपासून सुरुवात केली.